गळ्यात पट्टा होता

मी "गुमान बस की रं" म्हणालो आणि कुत्रा बसला. एवढंच झालं. दुपारचे बारा वाजले असतील. बासोड्याचा दिवस होता, म्हणजे होळीनंतरची अष्टमी. आपल्याकडे श्रावणात शिळासप्तमी असते तसंच हे. जयपूरमध्ये त्या दिवशी घराघरांत शेगडी पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं गार खातात. खाली राहणाऱ्या घरमालकीण खंडेलवाल भाभीजी सकाळीच चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला गेल्या होत्या आणि जाताना माझ्यासाठी पुऱ्या, दहीभात, ताकातली बाजरीची राबडी असं ताट झाकून ठेवून गेल्या होत्या. ते घेऊन मी जिन्याच्या तळच्या पायरीवर बसलो होतो. वर खोलीत एकट्याने जेवायला बसलं की घास तोंडात फिरत राहतो, म्हणून हल्ली मी असा कुठेही बसून खातो. गल्लीतून एक पिवळट कुत्रा आला. अंगावरचे केस जागोजागी गेलेले, खाली गुलाबी कातडं दिसत होतं. मान एका बाजूला धरून चालत होता. वास आधी आला आणि मग तो आला. तो ताटाकडे यायला लागला तसं माझ्या तोंडातून ते निघून गेलं. मी काही त्याला उद्देशून म्हणालो नव्हतो. माझी बायको सुवर्णा गेल्यापासून माझं असं होतं, मराठी आत साठून राहते आणि कुठेतरी सांडते. मिक्सरशी बोलतो, नळाशी बोलतो. पण नळ कधी ऐकत नाही. हा कुत्रा मागच्या पायांवर टेकून नीट बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी पुरी ताटात ठेवली. राजापार्कच्या या गल्लीत कुत्र्याला सगळे 'हट्' म्हणतात, पोरं 'छू' म्हणतात. 'गुमान बस' कोण म्हणणार? मी उठलो, चार पावलं मागे गेलो आणि म्हणालो, "इकडं ये." तो उठून आला. "जा तिकडं." तो फाटकापर्यंत गेला आणि वळून बघत थांबला. बारा वर्षं मी या घरात राहतोय. फौजेतून सुभेदार म्हणून सुटलो, त्याला सोळा वर्षं झाली. या गल्लीत माझी भाषा कळणारं एकच माणूस होतं आणि ते गेल्या मे महिन्यात गेलं.

मी त्याला पुरी दिली तेव्हा वास कशाचा आहे ते कळलं. गळ्यात पट्टा होता. लाल रेक्झिनचा असावा, पण लाल फक्त वरच्या बाजूला थोडा दिसत होता. बाकीचा मानेच्या आत गेला होता. आत म्हणजे आतच, कातडं पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी चढून वर आलं होतं, आणि त्यातून पू येत होता. पुरी गिळताना त्याला मान पुढे ताणावी लागत होती. मी फौजेत वर्कशॉपला होतो, हातापायाच्या जखमा पुष्कळ बघितल्यात. ही मला बघवेना. मी ताट तिथेच ठेवून वर गेलो, खाटेवर बसलो, परत खाली आलो. तो तसाच बसून होता. मी त्याला ऊठ म्हणालो नव्हतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई माथुर, मोतीडुंगरीच्या रस्त्याला बसतात. ई-रिक्षावाला आधी नाहीच म्हणाला. "बाबूजी, यह तो बास मार रहा है, सवारी भाग जाएगी." मी म्हणालो, आज मीच सवारी, दुसरी घेऊ नकोस. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन देऊन त्याला झोपवलं आणि एक छोटी कटर घेतली. मला म्हणाल्या, बाहेर बसा. मी बसलो नाही. रेक्झिन तुटत नव्हतं, आत तार होती की काय कोण जाणे, कटर दोनदा सरकली. मग कट्ट असा आवाज आला.

तो आवाज मी आधी ऐकलेला होता. हॉस्पिटलात, सुवर्णाला आत नेण्याआधी. नर्स म्हणाली, हातातलं सगळं काढा. हिरव्या बांगड्या तिने फोडल्या, पण पाटल्या निघेनात. साबण लावला, तेल लावलं. मनगट पाटलीच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आलं होतं. मग तिने अशीच छोटी कटर आणली आणि कट्ट झालं, आणि सोनं उघडून बाजूला पडलं. खाली मनगटाला एक खोल वळ होता, पांढरा. तो भरून यायला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी मला विचारलं, सूज कधीपासून आहे? मी म्हणालो, "आज ही देखी." ते म्हणाले, ही आजची नाही, किडनी महिन्या-दोन महिन्यांपासून जात असणार. मी म्हणालो, नाही साहेब, ठीक होती, कालपर्यंत स्वयंपाक करत होती. त्या दिवसापासून नऊ दिवसांनी ती गेली. जो येईल त्याला मी सांगत गेलो, अचानक झालं. गावाकडून भाऊ आले त्यांना सांगितलं, मी तेव्हा सिक्युरिटीला होतो त्या कंपनीतल्या लोकांना सांगितलं. आसावरीला, म्हणजे आमच्या मुलीला, गुडगावला फोन करून पहिलं वाक्य तेच बोललो: अचानक झालं गं. इतक्या वेळा बोललो की ते वाक्य मला पाठ झालं. पाठ झालेल्या गोष्टीचा विचार करावा लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याचा तुकडा चिमट्याने उचलून ट्रेमध्ये टाकला. "देखिए अंकल, किसी ने बाँधा और भूल गया. यह बढ़ता रहा, पट्टा तो नहीं बढ़ता." मी विचारलं, त्याला दुखत असेल? त्या म्हणाल्या, "महीनों से. पर इनको आदत पड़ जाती है, बताते नहीं." मग हात धुता धुता म्हणाल्या, "मालिक मिल जाए तो मेरे पास भेजना. दो बातें मुझे भी सुनानी हैं उसको." मला एकदम बरं वाटलं. फार दिवसांनी मला कुणाचा तरी राग आला होता. स्वतःचा सोडून दुसऱ्या कुणाचा तरी. रिक्षात तो झोपलेला कुत्रा मांडीवर घेऊन मी मनात बोलत होतो: तुला डोळे नव्हते का रे? रोज खायला घालत होतास ना? मग मानेकडं बघितलं नाहीस? मालक मराठी असणार हे नक्की होतं, तेव्हा हे सगळं मराठीतच बोलता येणार होतं.

भाभीजी संध्याकाळी जत्रेतून आल्या. त्यांनी जिन्यावर पट्टी बांधलेला कुत्रा बघितला आणि कमरेवर हात ठेवले. "फौजी साहब, मैं एक दिन चाकसू क्या गई, आपने घर में बारात बुला ली?" मी सगळं सांगितलं. त्या जवळ आल्या, वासाने मागे झाल्या, परत जवळ आल्या. मन वाईट नाही त्यांचं. म्हणाल्या, घाव भरेपर्यंत जिन्यावर राहू दे. "पर पट्टा था तो किसी का है. ढूँढो उसको. पराया जीव रखना ठीक नहीं, और उसका पाप आप क्यों ढोओ." रात्री आसावरीचा फोन आला, तिचंही तेच. तिचं मराठी असं आहे की प्रत्येक वाक्य हिंदीचा हात धरून रस्ता ओलांडतं. "पप्पा, तो मराठी समझता है, मतलब मालिक मराठी आहे. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो डाला ना. दस मिनिटांत मिळेल." मी म्हणालो, टाकतो. फोटो काढला, खाली लिहिलं: 'हा कुत्रा कोणाचा आहे?' ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. बँकेतली, कंपन्यांमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारी तरुण पोरं, लष्करातली कुटुंबं. बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. उद्या टाकू म्हटलं. मला वाटलं, मी त्या कुत्र्यामुळे थांबलोय, तो जाईल म्हणून. तसंही असेल. त्या रात्री मी दार उघडं ठेवून झोपलो आणि मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

माझा संशय लष्करातल्या कुटुंबांवर होता आणि त्याला कारण होतं. फौजेत बदली झाली की क्लिअरन्स घ्यावा लागतो. एक कागद असतो, तो घेऊन दिवसभर फिरायचं: क्वार्टरवाले, कॅन्टीन, लायब्ररी, मुलांची शाळा, एमआय रूम म्हणजे दवाखाना. प्रत्येक जण सही-शिक्का देतो की या माणसाकडे आमचं काही राहिलेलं नाही. सगळ्या सह्या झाल्या की माणूस मोकळा. कुत्र्याचा रकाना त्या कागदावर नसतो. आम्ही झाशीजवळ बबिन्याला असताना आसावरीने एक पिल्लू धरलं होतं, पिंट्या. दोन वर्षं होतं. बदली आली जोधपूरला. पोरीला मी सांगितलं, लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, कुकने ठेवून घेतलाय, त्याच्याकडे खायची चंगळ असते. कुकला मी विचारलंसुद्धा नव्हतं. लंगरच्या मागे सोडून आलो. गाडी सुटली, आसावरी झोपली, आणि सुवर्णा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पिंट्याची सही कुणी घेतली?" मी हसलो. ती हसली नाही. रिटायर झाल्यावर एकदा म्हणाली होती, आता तर कुठं बदली नाही, एखादं पिल्लू आणू का? आसावरी पण गेली, घर खायला उठतं. मी म्हणालो, नको ते लोढणं. मी कंपनीत सिक्युरिटीवर लागलो होतो, सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला यायचो. माझं घर काही मला खायला उठत नव्हतं. तिने परत विचारलं नाही. तिची ती पद्धतच होती, एक गोष्ट एकदाच विचारायची.

तिसऱ्या दिवशी मी मिलिटरी स्टेशनच्या कॅन्टीनला गेलो. पेन्शनवाल्यांची रांग वेगळी असते, पण मराठी कानावर आली म्हणून मी फॅमिलीवाल्यांच्या रांगेजवळ उभा राहिलो. एका हवालदाराची बायको होती, हर्षाली नावाची, वर्ध्याकडची, तिशीतली, कडेवर पोरगी. तिला विचारलं, तुमच्या क्वार्टरांकडे कुणी कुत्रा सोडून गेलंय का? "अहो काका, आमच्याकडं माणसं सोडून जातात, कुत्र्याचं काय घेऊन बसले! आमचे साहेब मला सोडून सहा महिने लेहला बसलेत." रांगेतल्या बायका हसल्या. मग तिला वाईट वाटलं असावं, कारण नीट विचारायला लागली. कसा आहे, वय काय. मी सांगितलं की त्याला मराठी कळतं. "काय म्हणता! काय म्हटलं की बसतो?" मी म्हणालो, गुमान बस. ती म्हणाली, "असं आम्ही कुठं म्हणतो? आमच्याकडं चूप बस म्हणतात. हे तर तुमच्या सातारा-सांगलीकडचं. मग काका, तो तुमच्याच घरचा निघायचा बरं!" परत हसल्या सगळ्या. मीही हसलो. काय घ्यायला आलो होतो ते विसरलो आणि रिकामी पिशवी घेऊन बाहेर पडलो.

बसमध्ये मी खिडकीची दांडी धरून बसलो होतो. खरं सांगायचं तर मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पायरीवर, तो बसला तेव्हाच. माणसाला एखादी गोष्ट कळलेली असते आणि तो तिच्याकडे तोंड करत नाही, एवढं त्याच्या हातात असतं. 'गुमान बस' हे सुवर्णाचं होतं. कुकर शिट्टी द्यायला लागला की त्याला म्हणायची, आसावरी लहानपणी वेणी घालताना हलली की तिला म्हणायची, आणि मी बातम्या बघून तावातावाने बोलायला लागलो की मलाही म्हणायची, पण मला 'बसा' म्हणायची. मी ते तिच्याकडूनच उचललं होतं. माझ्या तोंडून कुत्र्याने तिचंच ऐकलं. ती रोज पाच वाजता फिरायला जायची, डॉक्टरने बीपीसाठी सांगितलं होतं म्हणून. कुठे जायची? टिळकनगरकडे, बागेत, इतकंच मला माहीत. कोण भेटतं, काय बघते, मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं तर त्या बागेत जाऊन विचारावं लागणार. आणि समजा तो तिचाच निघाला, तर तो पट्टा कुणी बांधला? रिक्षात बसून मी ज्याला शिव्या देत होतो तो कोण? मला वाटायला लागलं की ग्रुपवर फोटो टाकून द्यावा, कुणीतरी 'माझा आहे' म्हणून यावं, कुणीही, खोटं बोलून का होईना, आणि त्याला घेऊन जावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीजींनी जिन्यात गाठलं. "मिला कोई?" मी म्हणालो, अजून नाही. "ढूँढ रहे हो कि छुपा रहे हो?" असं म्हणून त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. बायकांना कसं कळतं कोण जाणे. साडेचारला कुत्रा उठला आणि फाटकापाशी जाऊन कण्हायला लागला. आल्यापासून तो रोज याच वेळी तसं करत होता आणि रोज मी त्याला गुमान बस म्हणून बसवत होतो आणि तो बसत होता. त्या दिवशी मी तसं म्हणालो नाही. मानेला तर दोरी बांधता येत नव्हती, म्हणून पोटावरून एक जुना मफलर बांधला, टोक हातात धरलं आणि फाटक उघडलं.

त्याने मला नेलं. मुख्य बाजारातून नाही, मागच्या गल्ल्यांतून, जिथे गाड्या कमी असतात. एका कोपऱ्यावर तो थांबला. काही कारण नव्हतं, मोकळा रस्ता होता. मी बघितलं तर तिथे एक ओटा होता, सावलीत, एक माणूस टेकेल एवढा. तो ओट्याशेजारी उभा राहून वाट बघायला लागला. मी बसलो. थोड्या वेळाने तो आपोआप निघाला. पुढे दोन गल्ल्यांनंतर परत एक पायरी, परत तसंच. सुवर्णाला एका दमात एवढं चालवत नव्हतं तर. टिळकनगर आमच्या घरापासून माझ्या चालीने पंधरा मिनिटं. तो मला चार ठिकाणी बसवून घेऊन गेला. चौथ्या ठिकाणी मी बसलो तेव्हा समोरच्या बंगल्याच्या भिंतीवर बोगनवेल होती आणि मला आठवलं की गेल्या मार्चमध्ये तिने चपला एक नंबर मोठ्या आणल्या होत्या. मी म्हणालो होतो, दुकानदाराने फसवलं तुला, पाय घसरतील यात. घसरत नव्हते. बरण्यांची झाकणं माझ्याकडून उघडून घ्यायला लागली होती. पोळ्या जाड व्हायला लागल्या होत्या. एकदा मोरीत उभी राहून हाताला साबण चोळत होती, म्हणाली, "अहो, पाटल्या घट्ट झाल्यात, निघंनात." मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "जाड झालीस तू. जयपूरचं तूप मानवलं." आणि हसलो. ती पण हसली थोडी. मग नळ बंद केल्याचा आवाज आला. हे सगळं मी विसरलो नव्हतो. ते सगळं होतं, जागच्या जागी.

बागेच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली एक म्हातारी कपड्यांना इस्त्री करत होती, कोळशाच्या इस्त्रीने. कुत्रा तिच्या टेबलाखाली जाऊन उभा राहिला. तिने खाली बघितलं, पट्टी बघितली, मग मला बघितलं. डोक्यावरची ओढणी पुढे घेतली. "थे फौजी बाबूजी हो?" मी हो म्हणालो. "बाईजी के?" मी परत हो म्हणालो. तिने इस्त्री उभी ठेवली. "एक साल से देख रही हूँ कि कोई तो आएगा. मैं सोची बाईजी गाँव चली गईं, या बेटी के पास. फिर खंडेलवालों के यहाँ से पता चला कि नहीं रहीं." तिचं नाव धापू. तिने मला स्टूल दिलं आणि काम करता करता बोलत राहिली. मध्ये मध्ये शर्टावर पाणी शिंपडायची तेव्हा थांबायची.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत पिल्लू होतं हे, थंडीत गटारात पडलेलं. बाईजींनी पदरात घेतलं, धापूच्या निखाऱ्यांशेजारी ठेवलं. रोज घरची शेवटची रोटी घेऊन यायच्या. इकडे पहिली रोटी गायीची आणि शेवटची कुत्र्याची असते, ते सुवर्णाने भाभीजींकडून उचललं होतं, मला वाटायचं गल्लीत कुठेतरी टाकत असेल. महापालिकेची कुत्री धरायची गाडी फिरायला लागली तेव्हा बाजारातून पट्टा आणला. गळ्यात पट्टा असला की गाडीवाले समजतात पाळलेला आहे, उचलत नाहीत. मी विचारलं, नाव काय ठेवलं होतं? "नाम कोनी रखा, नहीं रखा. मैंने बोला था. बोलीं, नाम रखूँगी तो घर ले जाना पड़ेगा, और घर में साहब को पसंद नहीं." धापूने शर्टाची कॉलर उलटी केली. ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती म्हणून मला तिथे बसता आलं.

"और पट्टा?" मी विचारलं. मला तेच विचारायचं होतं आणि तेच नको होतं.

"पट्टा तो खुद ढीला करती थीं. हर आठ-दस दिन में." ती म्हणाली, की सुवर्णा पिल्लाला समोर बसवायची, काहीतरी आपल्या बोलीत म्हणायची, आणि पट्टा एक भोक पुढे घ्यायची. भोकं संपली तेव्हा धापूकडून खिळा घेतला, निखाऱ्यात तापवला आणि रेक्झिनला स्वतः नवीन भोकं पाडली. म्हणायची, हा वाढणार आहे, मोठ्या जातीचा दिसतो. "फिर चैत में एक दिन बैठी रहीं, बैठी रहीं. पट्टे का बकसुआ खुला ही नहीं उनसे. उँगलियाँ ऐसी हो गई थीं." धापूने स्वतःची बोटं ताणून दाखवली, एकमेकांपासून लांब. "मैंने कहा लाओ मैं खोल दूँ, तो यह मुझ पर गुर्राया. गर्दन को और किसी को हाथ नहीं लगाने देता था. बाईजी बोलीं, रहने दे धापू, हाथ ठीक हो जाएँगे तो कर दूँगी. मैंने कहा, साहब को दिखाओ हाथ. बोलीं…"

"काय बोलली?"

"बोलीं, दिखाया था."

ती पुढचा शर्ट घ्यायला वळली. बागेत बायका हास्यक्लबाचं हसत होत्या, एकदम सुरू करून एकदम थांबवत. मी मफलरचं टोक सोडून दिलं होतं ते मला नंतर कळलं. कुत्रा फाटकात जाऊन बसला होता, राजापार्ककडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. मी त्या रस्त्याने त्याच्याबरोबरच आलो होतो, तरी तो तिकडेच बघत होता. धापू म्हणाली, रोज बसतो, अंधार पडेपर्यंत. आधी आधी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांना सोडायला जायचा, तिथून त्या त्याला माघारी पाठवायच्या. म्हणजे माझी गल्ली त्याला ठाऊक होती. फाटकाच्या आत यायला त्याला वर्ष लागलं.

मी तिथेच बसून होतो तेव्हा आसावरीचा फोन आला. ऑफिसातून निघाली होती, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "पप्पा, फोटो डाला नाही ना तुम्ही? मी ग्रुप बघितला. मालिक मिळाला का?"

"सापडला," मी म्हणालो.

"अरे वा! कोण आहे?"

मी सांगितलं. आधी कुत्र्याचं सांगितलं, पिल्लू, पट्टा, शेवटची रोटी. ती रडायला लागली, पण बरं वाटून रडतात तसं. म्हणाली, "आई पण ना, किती क्यूट." तिथे थांबता आलं असतं. इतकंच सांगून फोन ठेवला असता तरी काही खोटं झालं नसतं. भाभीजींना सांगायला, गावाकडे सांगायला छान गोष्ट होती. मी इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरला. गरम होता.

"आसावरी," मी म्हणालो, "अचानक नव्हतं झालं. तिचे हात सुजले होते. दोन महिने. तिनं मला दाखवले होते आणि मी बघितले नाहीत. जाड झालीस म्हणालो."

हॉर्नचे आवाज येत राहिले. मला वाटलं तिने फोन ठेवला. मग तिचा आवाज आला, हळू, आणि तो लहान असतानाचा होता, बबिन्याचा. "पप्पा… तिला दुखत होतं?"

"हो," मी म्हणालो. "दुखत होतं. रस्त्यात चार ठिकाणी बसायची."

ती म्हणाली, "मी गाडी साइडला घेते. ठेवू नका फोन." इंडिकेटरची टकटक ऐकू आली आणि मग हॉर्न लांब गेले. "आता सांगा. पहिल्यापासून सगळं सांगा."

धापू निखारे मातीत ओतत होती. फाटकातल्या कुत्र्याला मी हाक मारली नाही. फोन दुसऱ्या कानाला लावला आणि जानेवारीपासून सांगायला सुरुवात केली.